आकर्षण क्रमांक चौदा

दोन इंची लोखंडी खिळा दोऱ्याला बांधून झऱ्याच्या पिवळ्या पाण्यात अर्धा बुडवला, तर पहिल्या मिनिटात काहीच होत नाही. दुसऱ्या मिनिटात त्याची चकाकी जाते. चौथ्या मिनिटाला बाहेर काढला की बुडालेला भाग तांबूस झालेला दिसतो, आणि पाण्याची पातळी जिथे होती तिथे, कुणी पट्टी लावून आखल्यासारखा, तो रंग थांबतो. रेघेच्या वर लोखंड, रेघेच्या खाली तांबं. खिळ्यातलं थोडं लोखंड पाण्यात उतरतं आणि पाण्यातलं तांबं त्याच्या जागी येऊन बसतं, एवढाच मामला. वेन सरांनी हा प्रयोग लुंगकेंगच्या शाळेत एकतीस वर्षं दाखवला. एकतीस वर्षांत कुणी टाळी वाजवली नाही. एकदा एका मुलाने जांभई आवरली होती, ती सरांनी दाद म्हणून लक्षात ठेवली होती.

लुंगकेंगच्या डोंगरात पूर्वी सोन्याची खाण होती. सोनं संपलं तेव्हा गावाने थोडे दिवस सुतक पाळलं आणि मग सोनं संपल्याची हकीकत विकायला काढली. आता गावात प्रवाशांसाठी तेरा आकर्षणं आहेत. पहिलं म्हणजे बोगदा. दुसरं म्हणजे संग्रहालयातली सोन्याची वीट, तिला काचेच्या भोकातून हात लावता येतो. तिसरं, खाणकामगारांचा जेवणाचा डबा, तळलेल्या मांसाच्या तुकड्यासकट, फडक्यात बांधून. पुढे पुढे गावाची कल्पनाशक्ती दमत गेली असावी, कारण तेरावं आकर्षण म्हणजे बाराव्या आकर्षणाकडे बघायचा सज्जा.

सातवं आकर्षण वेन सरांच्या परसामागे होतं. खाणीच्या जुन्या तोंडातून पाझरणारा पिवळा झरा, त्याच्या काठी भूमिदेवाचं गुडघाभर उंचीचं देऊळ, आणि देवळाशेजारी पर्यटन कचेरीची पाटी: ‘या डोंगरातील सोन्यामुळे पाण्यास हा सुवर्णवर्ण प्राप्त झाला आहे.’

निवृत्तीनंतर सर रोज सकाळी सोयाबीनचं दूध आणायला या पाटीवरून जात. दहा वर्षं गेली. दहा वर्षं ते वाक्य त्यांना दातात अडकलेल्या तंतूसारखं सलत राहिलं. रंग सोन्याचा नव्हता, लोखंडाचा होता, गंजाचा म्हणा हवं तर. पण त्यांनी ते सोसलं. मग सप्टेंबरातल्या एका सकाळी एक बाई तिथे वाकून बाटली भरताना दिसल्या.

“बाई, हे पिण्याचं पाणी नाही. यात तांबं आहे, आर्सेनिक आहे, आणि आंबटपणा तर–”

“मुलाची परीक्षा आहे,” बाई म्हणाल्या, “दोन चमचे देणारेय फक्त.”

“एक थेंबही देऊ नका!”

“पाटीवर तर सोनं लिहिलंय,” बाई म्हणाल्या. सरांच्या पायातल्या रबरी चपलांकडे एक नजर टाकून त्या पुढे म्हणाल्या, “आणि पाटी सरकारी आहे.”

सरांनी ती बाटली जवळजवळ हिसकावून ओतली. एकतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला रस्त्यात ‘वेडा म्हातारा’ ऐकून घ्यावं लागलं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, “पाटीवरचा एक शब्द बदलून घेतो. एकच शब्द. आठवड्याचं काम.”

पाओ-चू, म्हणजे त्यांच्या पत्नी, बुटांवरची बुरशी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “आणि यू-शेंगला काय सांगू? रविवारी फोन येईल.”

“सांग, पाटीचं काम झालं की ठरवतो.”

हे ठरवायचं म्हणजे काय ते इथेच सांगितलेलं बरं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात पाओ-चूंचे लाल बूट एका रात्रीत हिरवे झाले होते. तेव्हा तरुण वेन सरांनी शब्द दिला होता, की निवृत्त झालो की आपण कोरड्या गावी राहायला जाऊ. लुंगकेंगला वर्षातले दोनशे दिवस पाऊस असतो आणि उरलेले दिवस धुकं. घरातलं हवा कोरडी करणारं यंत्र दिवसाला दोन बादल्या पाणी काढतं. छपराला दरवर्षी डांबर फासावं लागतं. मुलगा यू-शेंग ताओयुआनला राहतो. त्याच्या घरात एक रिकामी खोली आहे आणि तिथे धुतलेले मोजे त्याच दिवशी वाळतात. यंदा त्याने निर्वाणीचं सांगितलं होतं, “बाबा, डिसेंबरातल्या सणापर्यंत कळवा. नाहीतर खोली माझ्या सासूबाईंना द्यावी लागेल.”

सरांना जायचं नव्हतं. पण दिलेला शब्द चाळीस वर्षांचा होता आणि बुरशी तर रोजची होती. कुठल्या तोंडाने म्हणणार? म्हणून ते दहा वर्षं ‘ठरवतो’ म्हणत होते. पाटी ही त्यांना आभाळातून पडलेली सबब होती, आणि या सबबीच्या पोटात खरोखरचं कारणही होतं, असा योग माणसाच्या आयुष्यात क्वचित येतो.

पर्यटन कचेरीच्या खिडकीत चिउबाई बसत. त्या इतक्या गोड बोलत की आपलं काम होणार नाही हे कळायला माणसाला घर गाठावं लागे.

“सर, तुमचं अगदी बरोबर आहे. पण काय आहे ना, पाटी आमची. पाणी पाणीखात्याचं. पाटी ज्या दगडात रोवली आहे तो दगड खाणकंपनीचा.”

“कंपनी बंद झाली.”

“हो ना. म्हणून तर सही कुणाची घ्यायची हा प्रश्न आहे.” चिउबाई थोड्या पुढे वाकल्या. “आधीची पाटी बदलता येत नाही, सर. पण नवीन आकर्षणाचा अर्ज करता येतो. नव्या आकर्षणाच्या पाटीवर मजकूर अर्जदाराचा. तुम्ही जुन्या पाटीला खेटूनच नवी लावा आणि लिहा काय लिहायचंय ते.”

अशा रीतीने, एक शब्द खोडायला गेलेले वेन सर आकर्षण क्रमांक चौदाचे अर्जदार होऊन परतले.

अर्ज चार पानी होता. ‘आकर्षणाचे स्वरूप’ या रकान्यात सरांनी लिहिलं, ‘लोखंड’. अर्ज परत आला. चिउबाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘सर, लोखंड बघायला कोण येईल? काही करून दाखवता येईल का?’ सरांनी खिळ्याचा प्रयोग आकृतीसह लिहिला. अर्ज पुन्हा परत आला. या वेळी पेन्सिलीचा गोल नवव्या रकान्याभोवती होता: ‘कायमचा पत्ता’.

तो रकाना सरांनी कोरा सोडला होता. हजेरीपटात एक चौकट कोरी राहिली तर ज्याला जेवण जात नसे, त्या माणसाने.

“विसरलात का हो?” पाओ-चूंनी विचारलं.

“सध्याचा पत्ता लिहिलाय ना आठव्यात.”

“मग नववा?”

“बघू.”

पाओ-चूंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या ओल्या डागाकडे पाहिलं, आणि बादली ओतायला गेल्या. अर्ज तसाच गेला, तसाच परत आला, पुन्हा गेला. शेवटी चिउबाईंनी पेन्सिलीने ‘मागाहून’ असं लिहून तो पुढे ढकलला.

एव्हाना गावाला बातमी लागली होती. लुंगकेंगमध्ये गुपित ठेवायचं तर ते वरच्या आळीतच ठेवावं लागतं. खालच्या आळीत ते पावसाच्या पाण्याबरोबर पायऱ्या उतरून येतं. वॉर्डप्रमुख काओ छत्री न मिटताच ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, “सर, नाव भारदस्त हवं. ‘लोखंड’ काय? ‘परीस-झरा’ ठेवा.”

“काओसाहेब, मी पाटी लावतोय तीच मुळी असल्या–”

“बरं, मग नुसतं ‘चमत्कार’ ठेवा.”

शेजारचे तिएनभाऊ खाणीत बावीस वर्षं खपलेले आणि आता भूमिदेवाच्या देवळाची राखण करणारे. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. “देवाला विचारलंत का? आम्ही साधं कुदळीचं दांडकं बदललं तरी विचारून बदलायचो.”

“तिएनभाऊ, ही पाटी आहे. बोगदा नाही.”

“पाटीसुद्धा खड्डा खणूनच रोवता ना?”

याला रसायनशास्त्रात उत्तर नव्हतं. सरांनी विषय बदलला. ही त्यांची चूक पुढे पूर्ण गावाने त्यांना पुन्हा पुन्हा दाखवून दिली.

तपासणीच्या दिवशी कचेरीतून तिघे आले. सरांनी आदल्या रात्री भाषण लिहून ठेवलं होतं. त्यात धातूंच्या क्रियाशीलतेचा क्रम होता, दोन समीकरणं होती आणि ‘हे पाणी पिऊ नये’ हे वाक्य तीनदा होतं. पहिल्या समीकरणापाशी तिघांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. तेव्हा पाओ-चू, ज्या चहा द्यायला आल्या होत्या, म्हणाल्या, “अहो, आधी खिळा दाखवा. डाळ शिजल्याशिवाय कुणी फोडणीचं कौतुक करतं का?”

आयुष्यभर खाणीच्या खानावळीत रोज चारशे डबे भरणाऱ्या बाईचा आवाज होता तो. खालच्या वळणावरचे दोन प्रवासीही थांबले. सरांनी मुकाट्याने खिळा बुडवला. चार मिनिटं पाओ-चू बोलत राहिल्या. पहाटे डबा नेताना कोण हसायचं, कोण गप्प असायचं, आणि कुणाचा डबा संध्याकाळी परत आला नाही, ते त्यांनी भाजी निवडावी तशा साधेपणाने सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “काढा आता.”

खिळा वर आला. खाली तांबडा, वर काळा, मध्ये रेघ.

टाळ्या पडल्या. तपासनीसांनीसुद्धा वाजवल्या.

“लोखंडाचं सोनं!” तिएनभाऊ ओरडले.

“तांबं, तिएनभाऊ. तांबं.”

“तुम्ही म्हणा तांबं. देवाला ठाऊक आहे काय ते.”

पुढच्या शनिवारी रांग लागली. त्याच्या पुढच्या शनिवारी रांग पायऱ्यांवरून खाली डब्याच्या दुकानापर्यंत गेली. तिएनभाऊंनी लाल दोऱ्यात बांधलेले खिळे देवापुढे ठेवायला सुरुवात केली. सर ओट्यावर फळा मांडून उभे राहत. लोक फळ्यावर छत्र्या टेकवून पाओ-चूंकडे जात. एकदा एक गृहस्थ सरांपाशी आले आणि लक्षपूर्वक ऐकू लागले. समीकरण संपल्यावर त्यांनी विचारलं, “काका, स्वच्छतागृह कुठे आहे?” सरांनी तेही सांगितलं. तेवढंच त्या दिवशीचं त्यांचं ज्ञानदान.

लोक खिळ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण माणसाला तांबडा खिळा मिळाला की त्याला तांबडी कात्री हवी होते. कुणी कात्री आणली, कुणी घोड्याचा नाल. एका नवरदेवाने लग्नाची अंगठी बुडवली. ती चांदीची होती, तिला काहीच झालं नाही, आणि नवरी रडायला लागली, की यांचं प्रेमच खोटं. सरांनी तिला सांगितलं, “बाळ, चांदी आहे म्हणूनच काही झालं नाही. रंगली असती तर ती लोखंडाची निघाली असती.” तिने डोळे पुसले. सरांना वाटलं, एकतीस वर्षांत रसायनशास्त्राने कुणाचे डोळे पुसले ते हे पहिलेच.

पाटी मात्र अजून आली नव्हती. ती छापायला होती आणि नववा रकाना कोरा असल्यामुळे छापखान्याला आदेश निघत नव्हता. म्हणजे गर्दी होती, आकर्षण होतं, फक्त ‘पिऊ नये’ हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सरांनी पुठ्ठ्यावर लिहून ते लावलं. पावसाने ते अर्ध्या तासात धुतलं. दुसरं लावलं. त्यावर कुणी ओला कोट वाळत घातला. मग पाओ-चूंनी ते वाक्य आपल्या गोष्टीच्या शेवटी जोडून दिलं: “आणि हे पाणी कुणी प्यायलात, तर तुमचा डबा मला परत येणार नाही.” त्यानंतर एकानेही बाटली भरली नाही. सरांनी या निष्कर्षाची वहीत नोंद केली, थोड्या जड हाताने.

आणि मग बसवाल्याने बसची किल्ली बुडवली.

तो सज्जन मनुष्य होता. एकतीस वयस्कर प्रवाशांना घेऊन आला होता आणि रिकामा बसला होता, म्हणून त्याने किल्ली दोऱ्याला बांधली आणि पूर्ण सोडली. तिच्या पोटात विजेची चिप होती हे त्याला ठाऊक होतं, पण देवाचं पाणी चिपला काय करणार, असं त्याने मनाशी धरलं. किल्ली सुरेख तांबडी झाली. बस सुरू झाली नाही. दुसरी किल्ली ताओयुआनहून यायला साडेचार तास लागले आणि तोवर पाऊस असा पडत होता की तेराव्या आकर्षणावरून बारावंही दिसेना.

एकतीस माणसं वेन सरांच्या दोन खोल्यांत बसली. वाफेने खिडक्या पांढऱ्या झाल्या. यंत्राची बादली तासाला भरू लागली. पाओ-चूंनी पदर खोचावा तशा बाह्या सारल्या, आल्याचा चहा टाकला, मग नूडल्स टाकल्या, मग शेजारून दोन पातेली मागवली. सर जिन्यावर बसून बुटांचे एकतीस जोड रांगेत लावत होते. घरात जागाच नव्हती. आतून हसण्याचा आवाज आला. पाओ-चूंचा. सरांनी हातातला बूट तसाच धरला. खानावळ बंद झाल्यापासून हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता, आणि आता लवकरच तो ताओयुआनला न्यायचा होता, तिथल्या कोरड्या खोलीत, जिथे हसायला फक्त मोजे असतील.

बसकंपनीची तक्रार आली. बैठक भरली. कारण शोधायला कुणाला वेळ लागला नाही.

“देवाला विचारलं नव्हतं,” तिएनभाऊ म्हणाले.

“मी सुरुवातीपासून हेच म्हणतोय,” काओसाहेब म्हणाले. ते सुरुवातीपासून ‘परीस-झरा’ म्हणत होते, पण ते असो.

“किल्लीत चिप होती!” सर म्हणाले.

“सर,” चिउबाई गोड आवाजात म्हणाल्या, “कचेरीचं काही म्हणणं नाही. पण देवळाची हरकत नसल्याचं नोंदवायला हवं. सणाच्या दिवशी विचारून टाका ना. नाहीतर आकर्षण रद्द होईल, आणि जुनी पाटीच राहील.”

म्हणजे पुन्हा सोनं. पुन्हा बाटल्या.

सणाचा दिवस वर्षातला सर्वांत लहान. घरोघरी तांदळाचे गोड गोळे शिजतात आणि ते खाल्ले की माणूस एका वर्षाने मोठा होतो. यू-शेंग सकाळीच गाडी घेऊन आला होता. मागचं आसन आडवं पाडलेलं होतं. एक-दोन पेट्या मावतील एवढी जागा. “बाबा, आज काय ते सांगा. सासूबाईंचं सामान परवा निघतंय.”

“आधी देवाचं होऊ दे,” सर म्हणाले.

देवळापुढे छत्र्यांची गर्दी होती. तिएनभाऊंनी चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे सरांच्या हातात दिले. एक बाजू सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकल्यावर दोन्ही वेगवेगळे पडले तर देवाचा होकार; तोही लागोपाठ तीनदा हवा. दोन्ही पालथे पडले तर नकार. दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देव हसला, म्हणजे प्रश्नच नीट नाही. लागोपाठ तीन होकारांची शक्यता आठात एक, हे सरांनी मनात मांडलं आणि गुडघे टेकले. गुडघ्यांखाली ओलं होतं.

“आधी नाव, मग पत्ता, मग प्रश्न,” तिएनभाऊ म्हणाले. “देव म्हातारा आहे. कोण विचारतंय ते त्याला कळायला हवं.”

“मी वेन. सध्या राहणार लुंगकेंग. पाटी लावू का?” सर पुटपुटले आणि ठोकळे टाकले.

दोन्ही सपाट. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

“प्रश्न तोलूनमापून विचारा. शाळेत नाही आहात,” काओसाहेब म्हणाले.

सरांनी पुन्हा विचारलं. या वेळी पाटीची लांबी-रुंदीही सांगितली. ठोकळे पडले. दोन्ही सपाट.

“देव पोट धरून हसतोय,” मागून एक म्हातारी म्हणाली.

तिएनभाऊ सरांजवळ वाकले. बावीस वर्षं बोगद्याच्या तोंडाशी प्रश्न विचारलेला माणूस होता तो. “सर, प्रश्न बरोबर आहे. पत्ता कच्चा आहे. ‘सध्या’ म्हणजे काय? उद्या हो म्हटलं आणि पाटीची राखण करायला तुम्हीच नसलात, तर देवाने कुणाकडे बघायचं?”

“कायमचा पत्ता, सर,” चिउबाई छत्रीखालून म्हणाल्या. त्यांच्या हातात अर्ज होता. पेन्सिलही.

“मग ताओयुआनचाच सांगा ना, बाबा,” यू-शेंग म्हणाला. “देवाला खोटं कशाला सांगायचं?”

सरांनी गुडघ्यांवरच वळून मागे पाहिलं. पाओ-चू हातात गोळ्यांचं भांडं घेऊन उभ्या होत्या. बुटांवर, नेहमीप्रमाणे, हिरवी साय होती. गेल्या तीन महिन्यांत आपण ती पुसताना यांना पाहिलेलं नाही, हे सरांच्या आत्ता ध्यानात आलं. निरीक्षणात एवढी चूक त्यांच्याकडून पूर्वी झाली नव्हती.

“पाओ-चू,” ते म्हणाले, “शब्द मी तुला दिला होता. तर पत्ता तू सांग.”

“चाळीस वर्षांत हे आज विचारलंत?” पाओ-चू म्हणाल्या. “तेही चिखलात बसून?”

“उशीर झाला का?”

“भांडं धरा.” त्यांनी गोळ्यांचं भांडं मुलाच्या हातात दिलं, ठोकळे नवऱ्याच्या हातातून काढून घेतले, देवापुढे बसल्या आणि चारशे डब्यांच्या त्या आवाजात, खालच्या वळणापर्यंत ऐकू जाईल असं, म्हणाल्या:

“पाओ-चू आणि हे माझे यजमान, वेन सर. राहणार झऱ्यामागची पायवाट, घर क्रमांक सात, लुंगकेंग. आणि देवा, हा पत्ता कायमचा.”